बिऱ्हाड निघाले, मोत्याचे काय?

मे महिना उतरणीला लागला की आमच्या धाराशिवच्या गल्ल्यांतून एक देखावा हटकून दिसतो. मुलांचे निकाल लागलेले असतात, बदल्यांचे हुकूम हातात पडलेले असतात, आणि कोणाच्या तरी दारात टेंपो उभा असतो. आधी कपाट चढते, मग पलंग, मग पिठाचा डबा, आणि सगळ्यांत शेवटी तुळशीची कुंडी. पाचसहा वर्षांचा संसार तासाभरात दोरखंडाने बांधून होतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे असेच एक बिऱ्हाड नागपूरला निघाले. त्यांच्याकडे मोत्या नावाचे एक लहानसे कुत्रे होते. पांढरे, एका कानावर तपकिरी डाग, मांजरापेक्षा जरासे थोर. सामान चढून झाले तेव्हा धाकट्या मुलीने विचारले, ‘‘बाबा, मोत्या कुठं बसणार?’’ बाबा दोरीची गाठ आवळत राहिले. मुलीची आई आमच्या आईला म्हणाली, ‘‘काकू, मोत्याकडं जरा बघा हं.’’ आई म्हणाली, ‘‘मी बघीन गं. पण तो तुमची वाट बघत बसंल, त्याला काय करू?’’

टेंपो सुटला. मोत्या नाक्यापर्यंत त्याच्यामागे धावला. तासाभराने जीभ बाहेर काढून परत आला आणि कुलूप लावलेल्या त्या दाराच्या पायरीवर बसला. भाकरी घातली तर खाई, पण ती उचलून पायरीवर नेऊन खाई.

ती माणसे वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. कुत्र्याला एवढ्या लांब कसे न्यावे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि विचारायला वेळ उरला नव्हता. तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. माणसाचे बिऱ्हाड हलते तेव्हा त्याच्या कुत्र्याची जागा कोठे असते? हा प्रश्न आजचा नाही. आपल्या मुलुखात तो फार जुना आहे, आणि दर काळाने त्याला आपापल्या वाहनाप्रमाणे उत्तर दिलेले आहे.

आपल्या जिल्ह्यातले तेर घ्या. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या मार्गदर्शिकेत तगराचे नाव येते. पैठणहून आणि तगरहून माल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचच्या बंदराला जात असे, असे तो सांगतो. तेर ते भडोच! आज मोटारीनेही दिवस मोडणारा हा पल्ला बैलाच्या पायाने तोडायचा, म्हणजे कित्येक मुक्काम आले. रात्री गाड्या सोडायच्या, बैल बांधायचे, चूल मांडायची आणि अंधारात कान उघडे ठेवायचे. हे कान उघडे ठेवण्याचे काम कुत्र्याचे.

त्या ग्रीक माणसाने कुत्र्याचा उल्लेख केलेला नाही. त्याला मालाच्या भावाशी कर्तव्य होते. पण बैलगाडीबरोबर कुत्रे कसे चालते, हे आपल्या आजोबापणज्यांनी रोज पाहिले आहे. ते गाडीच्या पुढे चालत नाही आणि फार मागेही राहत नाही. उन्हाच्या वेळी ते दोन चाकांच्या मधोमध, आखाच्या सावलीत चालते. गाडी थांबली की थांबते, निघाली की निघते. म्हणूनच आपल्याकडे फुशारकी मारणाऱ्याला म्हणतात, गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं, गाडी मीच ओढतोय! थट्टेचा भाग सोडला, तर या म्हणीत प्रवासाची एक जुनी पद्धत जशीच्या तशी जपून ठेवलेली आहे. आणखी एक म्हण आहे, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. नळा म्हणजे वंगणाचा नळकांडा. तो गाडीला टांगलेला असतो, म्हणून गाडी जाईल तिकडे जातो. या दोन म्हणींतला भेद ध्यानात घ्या. नळा टांगलेला असतो आणि कुत्रे आपल्या पायांनी चालते. त्या काळी कुत्रे हे सामान नव्हते, सोबती होते. त्याला न्यायचे कसे हा प्रश्नच पडत नसे, कारण ज्या चालीने कुटुंब जाई त्याच चालीने तेही जाई.

या चालीचा सगळ्यांत मोठा संसार म्हणजे लमाणांचा तांडा. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या बाजूला आज ठायी ठायी तांडे वसलेले दिसतात. पण त्यांचे पूर्वज वसलेले नव्हते. पाठीवर गोण्या लादलेले बैल हाकत ते देशभर धान्य आणि मीठ पोचवीत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने अशा तांड्यांत दहादहा बाराबारा हजार बैल एकत्र चाललेले वर्णिले आहेत. दख्खनमध्ये मोगलांच्या, निजामाच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजांनाही दाणागोटा पुरवला तो याच लोकांनी. रात्री तांडा उतरला की गोण्यांची भिंत रचायची आणि त्या भिंतीबाहेर कुत्री सोडायची. लमाणांची ती उंच, लांब केसांची, तापट कुत्री इंग्रज शिकाऱ्यांच्याही कौतुकाचा विषय झाली होती.

लमाणाच्या कुत्र्याची एक गोष्ट मध्य हिंदुस्थानात सांगतात. एका लमाणावर अडचणीची वेळ आली. त्याने सावकाराकडे पैसे मागितले. तारण काय ठेवणार? जवळ होते ते कुत्रे. ते सावकाराकडे गहाण ठेवून तो मुलखावर निघून गेला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कोठे दडवला ते कुत्र्याने पाहिले होते. त्याने सकाळी सावकाराचे धोतर धरून त्याला त्या जागी नेले आणि माल परत मिळाला. सावकार प्रसन्न झाला. कर्ज फिटले, कुत्रे मोकळे केले, असे त्याने चिठ्ठीवर लिहिले, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिले. कुत्रे वास काढीत, मजल दरमजल करीत धन्याच्या तांड्यापर्यंत पोचले. धन्याने त्याला लांबून पाहिले. त्याला वाटले, या हरामखोराने आपला शब्द मोडला, पळून आले. त्याने रागाच्या भरात काठी घातली. कुत्रे मेल्यावर गळ्यातली चिठ्ठी दिसली.

छत्तीसगडात बालोद जिल्ह्यातील खपरी गावी कुकुरदेवाचे मंदिर आहे, त्याच्याशी ही कथा जोडलेली आहे. गोष्ट खरी की लोकांनी रचलेली, हा वाद आपण करू नये. तिच्यातला अर्थ मात्र खरा आहे. कुत्रे तेवढी वाट चालून आले. घात झाला तो कागद वाचण्यापूर्वी काठी उचलल्यामुळे. प्रवासी कुत्र्याच्या गळ्यातला कागद आधी वाचावा, हा धडा पुढे रेल्वेच्या काळातही आपल्याला उपयोगी पडणार आहे.

माणसांचे सोडा, आपल्या जिल्ह्यात देवाचेही बिऱ्हाड हलते. अणदूर आणि नळदुर्ग ही जवळजवळची गावे. दोन्हीकडे खंडोबाचे देऊळ आहे, पण मूर्ती एकच. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदुरास राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गास. ठरल्या दिवशी वाजतगाजत मूर्तीला एका गावाहून दुसऱ्या गावी नेतात, आणि पौष पौर्णिमेला नळदुर्गला मोठी यात्रा भरते. आता खंडोबाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. घोडा, घोड्यावर देव, शेजारी म्हाळसा, आणि घोड्याच्या पायांशी काय? कुत्रे. खंडोबाच्या भक्ताला वाघ्या म्हणतात. हे वाघे देवाचे कुत्रे होऊन भुंकत, लाकडी कोटंब्यात भिक्षा घेत, आणि त्यात कमीपणा मानीत नसत. धनगर, शेतकरी, शिलेदार असा ज्यांचा पायांवरचा संसार, त्यांनी आपला देवही तसाच कल्पिला, घोड्यासह आणि कुत्र्यासह. देवाच्या बिऱ्हाडात कुत्रे मागे राहत नाही, ही गोष्ट आपल्या लोकांनी दगडात आणि पितळेत कोरून ठेवलेली आहे.

आणि ज्याने हा प्रश्न सर्वांत ठणकावून विचारला तो धर्मराज. महाभारतातील महाप्रस्थानाची कथा आपण सगळे जाणतो. राज्य टाकून पांडव हिमालयाकडे निघाले, तेव्हा हस्तिनापुराहून एक कुत्रे त्यांच्यामागे लागले. द्रौपदी पडली, एकेक भाऊ पडला. शेवटी राहिले धर्मराज आणि ते कुत्रे. इंद्र रथ घेऊन आला. ‘आपण बसावे, कुत्र्याला रथात जागा नाही.’ आजच्या भाषेत बोलायचे तर हा पहिला कंडक्टर! धर्मराजाने काही हुज्जत घातली नाही. माझ्या आश्रयाला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको, एवढेच तो म्हणाला. नियम इंद्राचा होता आणि वाहनही इंद्राचे होते, परंतु निर्णय धर्मराजाचा होता. वाहनांचे नियम काळाप्रमाणे बदलतात. सोबत आलेल्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तसाच राहतो.

आता आपण इंग्रजी अमदानीत येऊ. 1853 साली निजामाने आपला हा भाग काही वर्षांसाठी इंग्रजांकडे दिला. तेव्हा नळदुर्ग येथे कॅप्टन मेडोज टेलर हे अधिकारी म्हणून आले. ठगांवरची त्यांची कादंबरी जगभर गाजलेली होती. 1857 च्या धामधुमीत त्यांची बदली एकाएकी वऱ्हाडात बुलढाण्यास झाली. नळदुर्ग ते बुलढाणा, म्हणजे बदली तेव्हाही अशीच वाऱ्यावरची होती! त्या काळच्या साहेब लोकांचे बिऱ्हाड घोडे, उंट, गाड्या आणि पालख्या यांवर चाले, आणि ज्यांच्याकडे शिकारी कुत्री असत त्यांच्या नोकरांत एक माणूस खास कुत्र्यांसाठी असे. त्याला डोरिया म्हणत. डोर म्हणजे दोरी, ती धरून चालणारा तो डोरिया. थोडक्यात, साहेबाचे कुत्रेसुद्धा अजून पायीच चालत होते. फरक एवढाच की त्याची दोरी पगारी माणसाच्या हातात गेली होती.

ही पायांची चाल मोडली ती आगगाडीने. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि 1860 साली रूळ सोलापुरास पोचले. आगगाडीबरोबर कुत्र्याला चालता येत नाही. हे इतके उघड आहे की आपण त्यावर विचारच करीत नाही. पण कुत्र्याच्या दृष्टीने हजारो वर्षांतली ही सर्वांत मोठी क्रांती होती. गाडीखालची सावली नाहीशी झाली. आता त्याला गाडीत चढवायचे, म्हणजे कोणीतरी त्याचे वजन, भाडे आणि प्रकार ठरवणे आले.

हा प्रकार ठरवताना रेल्वेवाल्यांचीही पुष्कळ त्रेधा उडाली. 1869 साली विलायतेतील ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात एक चित्र आले होते. एक बाई आपल्या पाळीव प्राण्यांची झुंबड घेऊन स्टेशनावर आलेल्या आहेत. हमाल त्यांना समजावतो की रेल्वेच्या हिशेबी मांजर हे कुत्रे, ससा हेही कुत्रे, पण कासव मात्र किडा, सबब त्याला आकार नाही. हसण्यासारखे आहे खरे. पण जनावराला आता कोष्टकात नाव मिळाले होते, हे त्यातून दिसते.

आपल्याकडचे कोष्टक तर कायद्यातच होते. हिंदुस्थानच्या 1890 च्या रेल्वे कायद्यात जनावर वाटेत दगावले तर कंपनीने जास्तीत जास्त किती भरपाई द्यायची याची हद्द घातली होती. हत्तीला 500 रुपये. गाढव, शेळी, मेंढी, कुत्रे आणि इतर जनावरे यांना दरडोई 10 रुपये. तुमच्या कुत्र्याची किंमत जास्त असेल तर ती आधी लिहून द्या आणि वर जादा आकार भरा! म्हणजे ज्याने तांड्याची रात्र राखली, खंडोबाच्या घोड्याशेजारी जो उभा राहिला, त्याची किंमत कागदावर पडली ती दहा रुपये. रेल्वे कंपनीला मी दोष देत नाही. तिला हिशेब ठेवायचा होता. पण सोबत्याचे सामान झाले ते या ठिकाणी, एवढे नोंदवून ठेवले पाहिजे.

आपल्या भागात ही आगगाडी आली ती लहान रूप घेऊन, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने अडीच फुटी रुळांची ही गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत आणली. 1911 पर्यंत ती तडवळे आणि येडशीचा मुलूख ओलांडून लातुरास पोचली, आणि 1927 साली दुसऱ्या टोकाला मिरजेपर्यंत गेली. या कॅलथ्रॉपसाहेबांना जनावरांचे भारी वेड. ते अरबी घोडे पाळीत, आणि घोडा हा आपला सोबती आणि मित्र आहे अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक त्यांनी 1920 मध्ये प्रसिद्ध केले. रूळ टाकणारा माणूस जनावराला सोबती म्हणत होता, आणि रुळांवरचा कायदा त्याला नग म्हणत होता. एकाच काळात दोन्ही गोष्टी नांदत होत्या.

खुद्द धाराशिव शहर त्या लहान लायनीवर नव्हते. आपल्याला बैलगाडीने वा टांग्याने येडशी गाठावी लागे. तेथून रामलिंगच्या डोंगरातून वळसे घेत गाडी बार्शीकडे उतरे. कुर्डुवाडीला अडीच फुटी रूळ संपत आणि साडेपाच फुटी सुरू होत. त्यामुळे मुंबई किंवा मद्रासकडे जाणाऱ्याचे झाडून सगळे सामान येथे एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या, आणि कोणाचे कुत्रे असेल तर तेही. घरच्या माणसांनी डोळा ठेवावा तो या बदलीच्या जागी. लांबच्या प्रवासात जनावराला खरा धोका गाडी धावत असताना नसतो, तो गाडी बदलताना असतो. दार उघडे, माणसे घाईत, इंजिनाची शिटी कानाशी, आणि दावणीला धरणारा हात परका. आजही कोठे एक वाहन सोडून दुसरे धरायचे असेल तर ही गोष्ट विसरू नये.

1954 साली बार्शी लाईट सरकारच्या मालकीची झाली. 1956 साली आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्र झाला. नोकऱ्या वाढल्या, बदल्या वाढल्या. धाराशिवचा मास्तर चंद्रपूरला आणि कोकणचा तलाठी भूम-परंड्याला जाऊ लागला. बिऱ्हाडे लहान झाली आणि वाड्याच्या जागी दोन खोल्या आल्या. मोठे राखणीचे कुत्रे मागे पडून घरात, मुलांच्या अंथरुणाशी निजणारे लहान कुत्रे आले. पुढे 2007-08 मध्ये मोठ्या रुळांची लाईन झाली आणि या खेपेस ती वळसा घेऊन आपल्या शहरात आली. कुर्डुवाडीची ती जुनी चढउतर संपली.

पण जुनी चालही अजून पुरती संपलेली नाही. दसरा झाला की भूम, कळंब, वाशीकडची ऊसतोडणीची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. ट्रकवर चुलीची भांडी, कोंबड्यांची खुराडी, शेळी, लेकरे, आणि त्या सगळ्याच्या वर, वाऱ्याला नाक लावून बसलेले कुत्रे तुम्हीही पाहिले असेल. ज्यांच्या बिऱ्हाडाला चार भिंती नाहीत त्यांना कुत्र्याला जागा सापडते. आम्हा कपाट-पलंगवाल्यांना मात्र ती सापडत नाही. हे पाहून मला आपल्याच जातीची जराशी लाज वाटते.

आता एक दूरची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आपल्या उन्हाळ्यासाठी इशारा आहे. 3 नोव्हेंबर 1957 रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक दोन सोडला. त्यात लायका नावाची एक लहान कुत्री होती. मॉस्कोच्या रस्त्यावरची, सुमारे सहा किलो वजनाची. कुत्र्याने केलेला तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास तो. परतीची सोय त्यात मुळातच नव्हती. ती काही दिवस जिवंत राहिली असे तेव्हा जगाला सांगण्यात आले. खरी गोष्ट 2002 मध्ये बाहेर आली. बंद कुपीतली उष्णता वाढल्यामुळे ती काही तासांतच मेली होती. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. भोवतालची हवाच तापलेली असली तर हा पंखा निकामी होतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा तर फार लवकर होतो. मराठवाड्यातला मे महिना आणि उन्हात उभा असलेला बंद टेंपो यांची कल्पना करा, म्हणजे कुपी कशी असते ते कळेल. प्रवास करायचाच तर रात्रीचा करावा, आणि कुत्र्याला बंद वाहनात सोडून कोणी चहा प्यायला उतरू नये.

कायद्यानेही पुढे आपली जुनी चूक थोडीफार सुधारली. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल 1952 मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध त्यांनी विधेयक मांडले. त्या खटपटीतून 1960 चा कायदा झाला. जनावराला क्लेश होतील अशा रीतीने वाहून नेणे हा त्यात गुन्हा आहे. आणि नीट ऐका, उपाशीतहानलेले राहून हाल होतील अशा स्थितीत आपले जनावर टाकून जाणे हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र 10 ते 50 रुपये ठेवलेला आहे. 1890 चे ते दहा रुपये येथे पुन्हा भेटतात! दंड लहान म्हणून गुन्हा लहान, असे मात्र समजू नये.

1978 मध्ये जनावरांच्या वाहतुकीचे नियम झाले, आणि त्यांत कुत्र्यामांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. जनावर प्रवासाला धडधाकट आहे आणि त्याला सांसर्गिक रोग नाही, असा पशुवैद्याचा दाखला हवा. निघण्यापूर्वी दोन तास खाणेपिणे झालेले हवे. वाटेत उन्हाळ्यात चार तासांनी आणि हिवाळ्यात सहा तासांनी पाणी द्यावे. मोठ्या कुत्र्याला बारा तासांनी आणि पिलाला चार तासांनी खाऊ घालावे. आगगाडीचा प्रवास सहा तासांहून लांब असेल तर बरोबर माणूस हवा. वाचताना वाटते, हे नियम कुण्या तांड्यावरच्या म्हातारीनेच सांगितले असावेत.

रेल्वेचा आजचा रिवाज असा आहे. वातानुकूलित पहिल्या वर्गातली दोन किंवा चार जागांची अख्खी खोली आपल्या नावे असेल, तर कुत्रे आपल्याजवळ बसू शकते. शयनयान, वातानुकूलित दोन आणि तीन स्तरांचे डबे, बैठकीचे डबे यांत त्याला मोठ्यांबरोबर बसता येत नाही. त्याने गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जायचे. दोन्ही वेळा पार्सल कचेरीत नोंद करून पावती घ्यायची, आणि खाण्यापाण्याची जबाबदारी मालकाचीच. तेव्हा गाडी ठरवण्याआधी स्टेशनावर जाऊन दोन प्रश्न विचारावेत. या गाडीला तशी सोय आहे का? आणि आपल्या स्टेशनावर गाडी पुरेशी थांबते का? रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी, आणि तिचे कार्ड दाखल्याला जोडून ठेवावे. महिनाभर आधी टोपली किंवा पेटी घरात आणून ठेवावी, तिच्यात घरचेच, न धुतलेले जुने पांघरूण घालावे, म्हणजे ती त्याला परकी वाटत नाही. एवढे केले की पाच-सातशे मैलांचा प्रवासही लहान कुत्र्याला झेपतो.

श्रोतेहो, मागच्या वर्षी आमच्या समोरच्या घरातले बिऱ्हाड हलले. त्यांच्याकडेही असेच लहान कुत्रे. त्यांचा मुलगा महिनाभर आधी माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘काका, आम्हाला सोनीला न्यायचंय. काय काय लागतं?’’ आम्ही दोघे मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, नंतर स्टेशनावर गेलो. जायच्या रात्री मी निरोप द्यायला गेलो तेव्हा तो पोरगा पावती दोन्ही हातांनी धरून उभा होता. वर छापील रकान्यात लिहिले होते, कुत्रे, नग एक. मी त्याला म्हटले, ‘‘जप हां ती.’’ तो म्हणाला, ‘‘काका, सोनीचं तिकीट आहे ते.’’

रेल्वेच्या हिशेबी ती पावती नगाची होती, पण पोराने ती सोबत्याची केली. लमाणाच्या हाताला जे उशिरा सुचले ते त्या पोराला वेळेवर सुचले होते.

मोत्या आता आमच्याच घरी असतो. भाकरी आमच्या पायरीवर खातो. आई म्हणते, रमला बिचारा. पण मे महिन्यात गल्लीत टेंपो वळला आणि गिअरचा आवाज आला की तो कान टवकारून उठतो, दारापर्यंत जातो, टेंपो कोणाच्या दारात थांबतो ते पाहतो, आणि मग परत येऊन बसतो.